आठ महिने कानाने वाचलं, काय चाललं काय नाही

ऑडिओबुकच्या ॲपचं सबस्क्रिप्शन घेऊन आठ महिने झाले म्हणून लिहितोय. रोजचं डोंबिवली-दादर, लोकलमध्ये पुस्तक उघडायला कोपर हलवता तरी आलं पाहिजे ना, म्हणून घेतलं.

सगळ्यात भारी चालतं ते आत्मचरित्र. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' कॉलेजात असताना दोनदा अर्धवट सोडलेलं, पण ऐकायला घेतलं आणि एकदा दादर मागे गेलं तरी पत्ता नाही. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून नवऱ्याच्या धर्मांतरापर्यंत बाई ओट्यावर बसून सांगितल्यासारखं सांगतात, रडगाणं कुठेच नाही. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' पण तसाच, दानदक्षिणेच्या आशेने कोकणातल्या वरसईहून उत्तरेत गेलेला माणूस 1857 च्या धामधुमीत सापडतो, झाशी पडते तेव्हा हा तिथेच, आणि ते ऐकत ऐकत दिवा स्टेशनच्या गर्दीत चेंगरताना मला कुरकुर करायची लाज वाटायला लागली.

ऐतिहासिक कादंबऱ्या मात्र नाही जमल्या. पेशवाईवरच्या एका कादंबरीचे निवेदक 'पाणी आणा' सुद्धा तलवार उपसल्यासारखं म्हणतात, तीन दिवसांत डिलीट. विनोदीचं वेगळंच दुखणं, 'बटाट्याची चाळ' पु.लं.च्याच आवाजात इतकी ऐकलीय की आता दुसरं कोणी विनोदी काही वाचायला लागलं की नक्कल वाटते, सो ते कागदावरच. माहितीपर पुस्तकांत सनावळी आणि नावं आली की सारखं मागे घ्यावं लागतं, खिशातला फोन काढणार कसा?

भयकथा रात्रीच. भांडी घासताना नारायण धारप लावले, बायकोने मागून खांद्यावर हात ठेवला, काचेचा ग्लास गेला. पैसे वसूल.

नेमाड्यांच्या 'कोसला' कादंबरीबद्दल जरा बोलायचंय. ती कोरड्या आवाजात सांगितली तरच लागते, सांगणारा नायक पांडुरंग स्वतः कधी गळा काढत नाही. मी ऐकली त्यात त्याची धाकटी बहीण मनी जाते त्या भागाला निवेदकाचा आवाज भरून आला आणि माझं उलटंच झालं, एकदम बाहेर फेकल्यासारखा. कानातलं काढलं, घरी आल्यावर जुनी प्रत शोधून तेवढीच पानं परत वाचली, जेवण राहिलं त्या दिवशी.

बाकी ॲप ठीक. बुकमार्क मधेच उडतात, अपडेटनंतर जास्तच. सध्या 'बनगरवाडी' चालूय, मास्तर नुकताच वाडीत पोचलाय.