सीट बेल्टवरची रेघ आणि माझे 8,46,660 रुपये

आधी आकडे देतो, म्हणजे ज्यांना हसायचं आहे त्यांनी एकदाच हसून घ्यावं. सेकंडहँड गाडी 7,85,000. एनओसी (महाराष्ट्राचं ना-हरकत पत्र) आणि केए पासिंग (कर्नाटकचा नंबर) करून देतो म्हणून वर घेतलेले 38,000. बॅटरी 14,800. टोइंग 6,500. स्कॅनिंग 2,360. एकूण 8,46,660 रुपये, आणि गाडी बेळगावात उद्यमबागेतल्या एका गॅरेजच्या आवारात ताडपत्री घालून उभी.

डीलरचं नाव लिहीत नाही. केस चालू आहे, वकिलांनी बजावून ठेवलंय. त्याचं जुन्या गाड्यांचं यार्ड कोल्हापूरच्या बाजूला, मी निपाणीचा. अंतर म्हणाल तर तासाभराचं. पण मधे कोगनोळीला राज्याची हद्द लागते, आणि ती हद्द फसवणाऱ्याच्या किती पथ्यावर पडते ते पुढे येईलच.

बजेट साडेनऊ लाखांचं होतं. समोर दोन गाड्या. एक संकेश्वरच्या ओळखीतल्या माणसाची 2022 ची ब्रेझा, केए 23, पहिला मालक, 9,40,000, त्यात एक रुपया कमी करायला तयार नव्हता. दुसरी ही : 2012 ची जर्मन सेडान, पांढरी, एमएच 10, सनरूफ, लेदर सीट, मीटरवर 62,000 किलोमीटर. कंपनी कुठली ते सांगत नाही, तिचा यात काही दोष नाही. शोरूममधून निघाली तेव्हा तीस लाखांचं बिल झालेली गाडी आठ लाखांच्या आत मिळत होती.

मेहुणा म्हणाला, "दाजी, ब्रेझा काय, आपल्या गल्लीतच चार उभ्या आहेत." बायको ब्रेझाच घ्या म्हणत होती, हे तिच्या वतीने इथे नोंदवून ठेवतो, नाहीतर घरात परत विषय निघेल. पण मी थाटाच्या नादाला लागलो असं कुणी समजू नये. दुकानाच्या मालासाठी मला पुणे आणि हुबळी सारखं करावं लागतं, पाठीत गॅप आहे, डॉक्टरांनी बसण्याची जपणूक करायला सांगितलीय. शिवाय ब्रेझाच्या त्या व्हेरिएंटला दोन एअरबॅग, हिला सहा. घरची माणसं बसवायची तर सहा एअरबॅगवाली घेणारा माणूस मूर्ख ठरतो काय?

बँकेने मात्र बारा-तेरा वर्षांच्या गाडीला कर्ज नाही म्हणून सांगितलं. ब्रेझाला द्यायला तीच बँक तयार होती. बँकवाल्यांना गाड्यांतलं काय कळतं म्हणून मी पतसंस्थेकडे गेलो. ज्या गाडीवर बँक पैसे लावत नाही, तिच्यावर तुम्ही का लावताय, हे कुणीतरी तेव्हा तोंडावर विचारायला हवं होतं.

यार्डवरची भाषा तुम्हाला पाठ असेल. डॉक्टरांची गाडी. फक्त रविवारी बाहेर निघायची. मुलगा परदेशात, वापरायला कुणी नाही. "बेळगावचं गिऱ्हाईक निघालंय साहेब, तुम्ही निपाणीचे म्हणून तुम्हाला थांबवून ठेवलंय." त्यात नवीन काही नाही, दसऱ्याच्या तोंडावर तर सगळ्या यार्डांवर हेच चालतं.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून अंगाची आग होते.

ट्रायल मारून आलो. आईला पुढच्या सीटवर बसवून बघावं म्हणून मी डाव्या बाजूचा बेल्ट ओढला. आई अंगाने भारी आहे, म्हणून पूर्ण ओढला, शेवटपर्यंत. वरचा सगळा पट्टा काळा, स्वच्छ. पण अगदी शेवटची वीतभर, जी एरवी खांबाच्या आतच गुंडाळलेली असते, ती मातकट. आणि काळ्या-मातकटाच्या मधे पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. बोट फिरवलं तर बोटाला बारीक, पिठूळ माती लागली. मी विचारलं, "हे काय?" पोरगा म्हणाला, "काय बघालाय साहेब एवढं, चहा सांडलेला असंल मॅडमकडनं." आणि मी बोट रुमालाला पुसलं.

चहा सांडला तर ओघळ येतो. रेघ येत नाही. रेघ पाण्याची येते, पाणी एका पातळीला दोन-तीन दिवस उभं राहिलं की. गाडी एमएच 10, म्हणजे सांगलीची. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत किती आत शिरलं होतं ते मला माहीत नव्हतं काय? शिरोलीजवळ हायवे बंद पडला, ट्रकांच्या रांगा आमच्या डोळ्यांसमोर लागल्या होत्या. हे सगळं माझ्याच डोक्यात होतं, बोटाला माती होती, आणि गाडीत लिंबाच्या परफ्यूमचा इतका भपकारा होता की काच खाली केल्याशिवाय बसवत नव्हतं. कशासाठी मारतात एवढा परफ्यूम? पण संध्याकाळ झाली होती, आई दमली होती, मेहुणा फोटो काढत होता. आणि मी काही एकटा गेलो नव्हतो, मेकॅनिकला 1,500 रुपये देऊन सोबत नेलं होतं. त्याने बॉनेट उघडलं, ऑइलचा दांडा ओढून बघितला, "इंजिन बेस्ट" म्हणाला. आयुष्यभर मारुत्या उघडलेला माणूस तो, त्याच्याकडे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक डब्यांतली नोंद वाचणारा स्कॅनर नव्हता. त्यालाही मी दोष देत नाही, पण तुम्ही त्या कंपनीच्या गाड्या रोज करणाराच माणूस न्या. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पैसे भरून तपासणी होते. मला नंतर सांगितलेला दर 6,500 होता. यार्डवाला "तिकडे गाडी देत नाही" म्हणाला तर तिथूनच घरी या.

पैसे असे गेले : 50,000 टोकन, मोबाइलवरून, भलत्याच नावाच्या खात्यात. 5,40,000 आरटीजीएस, आरसीवरच्या मालकाच्या खात्यात. 1,95,000 रोख. रोख नेमकी 1,95,000 का, तर दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे, घेणाऱ्यालाच दंड बसतो. त्याला कायदा माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. पावतीवर यार्डचं नाव कुठेच नाही. सेल लेटर मालकाने मला दिलेलं. डीलर कागदावर अस्तित्वातच नाही. डिसेंबर 2022 च्या नियमाप्रमाणे, 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, फॉर्म 29बी म्हणतात त्याला. गाडी यार्डात ठेवली की मालकाने फॉर्म 29सी भरून कळवायचं असतं. ते अधिकारपत्र आधी बघायला मागा. चहा नंतर प्या.

खंडेनवमीला पूजा केली, हार घातला. दिवाळीनंतर बेळगावला निघालो तर तवंदी घाटात गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे जाईना. मग डॅशबोर्डवर एकेक दिवा लागत गेला आणि मागून ट्रकवाले हॉर्न मारायला लागले. टोइंग करून उद्यमबागेत नेली. तिथल्या मिस्त्रीने स्कॅनर लावला आणि मलाच विचारलं, "ही पाण्यातली गाडी कशाला घेतलासा?"

त्याने ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचलून दाखवलं. खालचा फोम काळा पडलेला, सीटचे रूळ गंजलेले, वायरिंगच्या जोडांना हिरवा कीट. या गाड्यांची बरीचशी इलेक्ट्रॉनिक डबडी कार्पेटखाली आणि मधल्या कन्सोलखालीच असतात. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये किलोमीटर सापडले 1,48,000 च्या पुढे. मीटर मागे फिरवणाऱ्याने डॅशबोर्ड तेवढा फिरवला, बाकीच्या डब्यांपर्यंत त्याचा हात गेला नाही. आणि ज्या सहा एअरबॅगसाठी मी ही गाडी घेतली, त्यांचा दिवा. इग्निशन ऑन केलं की तो लागून विझला पाहिजे, तर आत सगळं ठीक. माझ्या गाडीत तो लागतच नव्हता, कारण तो बंदच करून ठेवलेला. दिवा लागत नाही म्हणजे बिघाड नाही असं समजून आईला शेजारी बसवून मी हायवेने फिरलो, त्या एका गोष्टीसाठी त्या माणसाला मी कधी माफ करणार नाही.

गिअरबॉक्सचं एस्टिमेट 2,46,000. वायरिंग आणि बाकी 88,000. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, स्पेअरची चढते, आणि ते आमच्याकडे मिळतही नाहीत. ब्रेझाचा ब्रेक पॅड मला निपाणीच्या बसस्टँडसमोर मिळाला असता.

कागदांचं तर विचारू नका. एनओसी निघालीच नाही. गाडीवर महाराष्ट्राचे 11,500 रुपयांचे चलन थकलेले, ते भरल्याशिवाय फॉर्म 28, म्हणजे एनओसीचा अर्ज, पुढे सरकत नाही. निघाली असती तरी पुढे आपल्याकडचा, कर्नाटकचा, लाइफ टाइम टॅक्स आहेच. तो तुम्ही काय किमतीला घेतली यावर लागत नाही, गाडी नवी असतानाच्या किमतीवर लागतो, वयाप्रमाणे सूट देऊन. वीस लाखांच्या वरच्या गाडीला दर 18 टक्के, वर सेस. एजंटाने काढलेला आकडा 2,08,400. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो. आणि 2012 ची आरसी पंधरा वर्षांची, म्हणजे 2027 मध्ये पुन्हा नूतनीकरण, फी 5,000 आणि फिटनेस वेगळं. सीमेपलीकडची महाग गाडी स्वस्तात मिळते ती याच्यासाठी. रस्त्यावर कायदेशीर आणायची तर मला अजून 5,42,400 घालावे लागतील, म्हणजे सगळे मिळून 13,89,060. पावणेचौदा लाखांच्या वर, भिजलेल्या गाडीला!

आता आपले रक्षणकर्ते. इकडच्या ठाण्यात गेलो. साहेब मराठी समजतात, बोलतातही, पण अर्ज कन्नडात आणा म्हणाले. टायपिंगवाल्याकडून करून आणला. वाचून म्हणाले, "इदु सिव्हिल मॅटर ऐत्री (हे दिवाणी प्रकरण आहे). पैसे कुठं दिले? कोल्हापूर. मग कोल्हापूरला जावा." तिकडच्या ठाण्यात गेलो. तिथे आधार कार्ड बघितलं, "तुम्ही कर्नाटकातले, तुमच्या हद्दीत द्या की तक्रार." मी सांगितलं की नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 खाली हद्द न बघता झिरो एफआयआर घ्यायची सोय आहे, न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे. हवालदाराने माझ्याकडे असं बघितलं की चोर मीच. "वकील आहात काय?" नाही. "मग?" परत इकडे. शेवटी इकडच्यांनी कन्नडातलं हिंबरह, म्हणजे अर्जाचं लेखी उत्तर, हातात दिलं : बाब दिवाणी स्वरूपाची, न्यायालयात दाद मागावी. मीटर फिरवणं दिवाणी, पाण्यातली गाडी डॉक्टरांची म्हणून विकणं दिवाणी! माझी मोटारसायकल हेल्मेटशिवाय दिसली की मात्र हद्दीचा प्रश्न कुणाला पडत नाही. निवडणुकीला दोन्हीकडचे पुढारी सीमाभागासाठी गळे काढतात. सीमाभागातला माणूस दोन ठाण्यांच्या मधे चेंडूसारखा फिरतो तेव्हा यातला एकही फोन उचलत नाही.

तिकडच्या परिवहन कार्यालयात अधिकारपत्राबद्दल लेखी विचारलं. तोंडी उत्तर मिळालं : तो डीलर नाही, मध्यस्थ आहे. चाळीस गाड्या लावलेला, फलक लावलेला मध्यस्थ. लेखी द्या म्हटलं तर साहेब मीटिंगला.

हिंबरह मात्र फेकून देऊ नका. ग्राहक आयोगात तोच कागद जोडता येतो. 2019 च्या ग्राहक कायद्यात तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, विक्रेता कुठलाही असो. या एकाच दारावर मला परत पाठवलं नाही. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी 200 रुपये. वकिलांची फी वेगळी, ती मी वरच्या हिशेबात धरलेली नाही. मालक आणि यार्डवाला दोघांनाही पक्ष केलंय. यार्डवाल्याची नोटीस "पत्त्यावर आढळून आले नाहीत" असा शेरा मारून परत आली, त्याच आठवड्यात तो त्याच पत्त्यावर उभा राहून व्हिडिओत "या साहेब, बघून जावा" म्हणत होता. तो व्हिडिओ तारखेसकट उतरवून ठेवलाय. तुम्हीही यार्डवाल्याचा जाहिरातीचा व्हिडिओ, किलोमीटर सांगतानाचा आवाज, सगळं पहिल्याच दिवशी उतरवून ठेवा, नंतर काढून टाकतात.

विम्याच्या जुन्या पॉलिसी मागा, एक नाही, मागच्या सगळ्या. माझ्या गाडीची 2018 ची पॉलिसी नंतर मिळाली, त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा क्लेम न घेतल्याची सूट, 50 टक्के. 2020 च्या पॉलिसीत शून्य. मधे काय झालं ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. डीलरने मला फक्त चालू पॉलिसी दाखवली होती, आणि हसत हसत दाखवली होती.

संकेश्वरची ब्रेझा त्याच महिन्यात गेली, 9,30,000 ला. म्हणजे दहा हजार कमी करायला तो तयार झाला होता. पतसंस्थेचा हप्ता 13,750 आहे, दर महिन्याच्या 7 तारखेला. त्या यार्डकडून ज्यांनी गाडी घेतलीय आणि ज्यांच्याकडे टोकनची पावती त्याच भलत्या नावाच्या खात्याची आहे, त्यांनी ती जपून ठेवा आणि आपल्या तक्रारीला जोडा. ते खातं कुणाचं आहे, हे आयोगाने बँकेकडून मागवावं असा अर्ज आमच्या वकिलांनी दिलाय.