युवराजांनी सैन्यात जावं का? नॉर्वे, स्पेन, ब्रिटन, जपान आणि आपलं पानिपत

भाचीच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. चिठ्ठीवर विषय निघाला, 'राजघराण्यातील तरुणांनी सैन्यसेवा करावी.' बाजू ज्याची त्याने निवडायची. तिचा फोन आला, "मामा, मार्क कुठल्या बाजूला जास्त पडतील तेवढं सांग." तसं पाहिलं तर अनुकूल बाजूला. वर्दी, परेड, ध्वजाचं चुंबन घेणारी राजकन्या, टाळ्या ठरलेल्या. पण दोन रात्री हे प्रकरण उपसल्यावर वाटलं, विषयातला 'सैन्यसेवा' हा शब्दच फसवा आहे. एका देशात त्याचा अर्थ वर्षभर चिलखती गाडीत अंग आखडून बसणं, दुसऱ्यात तीन अकादम्यांची ठरवून दिलेली वारी, तिसऱ्यात खरोखरीचं युद्ध. आधी हे प्रकार शेजारी-शेजारी ठेवून बघू, मग बाजू ठरवू. तिला जे लिहून पाठवलं तेच जरा नीट करून इथे देतोय. कुणाला याच विषयावर मत बनवायचं असेल तर उपयोग होईल.

इनग्रिड आणि लेओनोर

दोघी गादीच्या वारस, वयात दोनेक वर्षांचं अंतर. दोघींनी वर्दी घातली ती मात्र अगदी वेगळ्या रस्त्याने.

नॉर्वेची इनग्रिड अलेक्झांड्रा ही राजाची नात. आजोबा आणि वडील यांच्यानंतर गादी तिची. जानेवारी २०२४ मध्ये, विसाव्या वर्षी, ती लष्कराच्या इंजिनिअर बटालियनमध्ये भरती झाली. तळ शोल्डला, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला, जिथे हिवाळ्यात दिवस धड उगवतच नाही. अधिकारी म्हणून नव्हे, साधी शिपाई म्हणून. काम सीव्ही९० या चिलखती गाडीवर तोफचीचं. बारा महिन्यांची सेवा तिने वाढवून घेतली आणि पंधरा महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये, ती बाहेर पडली. पुढे शिकायला सिडनीला गेली.

यात महत्त्वाची गोष्ट राजकन्या नाही, कायदा आहे. नॉर्वेत लष्करी सेवा सक्तीची आहे आणि २०१५ पासून मुलींनाही लागू आहे. सगळ्यांना बोलावत नाहीत, निवड होते, पण नियम सगळ्यांना एक. शेजारच्या खाटेवर ट्रॉन्डहाइमच्या सुताराचा मुलगा असू शकतो. (खाटेवर म्हणजे खरंच खाटेवर. तिथल्या सैन्यात मुलं-मुली एका खोलीत राहण्याची पद्धत आहे. हे ऐकून माझी बहीण, म्हणजे भाचीची आई, दोन मिनिटं काहीच बोलली नाही.)

स्पेनची लेओनोर ऑगस्ट २०२३ मध्ये सारागोसाच्या लष्करी अकादमीत दाखल झाली तेव्हा अठराचीही नव्हती. छातीवरच्या पट्टीवर नाव 'बोर्बोन ऑर्तिझ'. वडिलांचं एक आडनाव, आईचं एक, तिथल्या कुठल्याही पोरीसारखं. ऑक्टोबरात तिने ध्वजाची शपथ घेतली. समोर उभे होते राजे फेलिपे, म्हणजे वडीलच, आणि त्यांनीही १९८५ मध्ये याच अकादमीत शपथ घेतली होती. मग मारीनची नौदल अकादमी, जानेवारी २०२५ मध्ये कादिसहून 'हुआन सेबास्तियान दे एल्कानो' या शिडाच्या प्रशिक्षण जहाजावरून अटलांटिकपार प्रवास, आणि त्याच सप्टेंबरात सान हाविएरची हवाई अकादमी. तीन वर्षांत तिन्ही दलं.

आता खडकवासल्याच्या एनडीएचा हिशोब आठवा. आपला कॅडेट तिथे तीन वर्षं रगडा खातो, मग पायदळात जाणारा डेहराडूनला आणखी एक वर्ष, तेव्हा कुठे खांद्यावर तारे. स्पेनमध्ये साध्या कॅडेटला लष्करी अधिकारी व्हायला यापेक्षाही जास्त वेळ लागतो. लेओनोरसाठी मात्र खास सरकारी आदेश काढून एकेका दलाचा अभ्यासक्रम एकेका वर्षात बसवला. पहाटेची धाव तीच, चिखल तोच, पण निकाल आधीच लागलेला. ती नापास होणं शक्य होतं का? हा प्रश्न प्रतिकूल बाजूने विचारला तर अनुकूल बाजूकडे चांगलं उत्तर नाही.

आणि 'इतरांसारखीच' हे सोंग फार काळ टिकतही नाही. जहाज चिलीत पुंता आरेनासला थांबलं असताना ती मैत्रिणींबरोबर एका मॉलमध्ये गेली, आणि तिथल्या सुरक्षा कॅमेऱ्यातली तिची चित्रं बाहेर फुटली. बरोबरच्या कॅडेट पोरींनी सुट्टीत काय खरेदी केली हे कुणालाच कळलं नाही.

तरीही स्पेनला उडवून लावता येत नाही. कारण २३ फेब्रुवारी १९८१.

ती एक रात्र

त्या संध्याकाळी लेफ्टनंट कर्नल तेहेरो हा सुमारे दोनशे सशस्त्र शिपाई घेऊन माद्रिदच्या संसदेत घुसला आणि हवेत गोळ्या झाडून त्याने खासदारांना बाकाखाली लपायला लावलं. तिकडे वालेन्सियात जनरल मिलान्स देल बोश्चने रस्त्यावर रणगाडे उतरवले. हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूला सहाही वर्षं झाली नव्हती. रात्री एकच्या सुमारास राजे हुआन कार्लोस, लेओनोरचे आजोबा, सरसेनापतीच्या वर्दीत टीव्हीवर आले आणि सैन्याला बराकीत परत जायला सांगितलं. बंड बसलं.

स्पेनच्या राज्यघटनेत सैन्याचं सर्वोच्च प्रमुखपद राजाकडे आहे. पण कागदावरचं प्रमुखपद वेगळं आणि रात्री फोन उचलून एकेका प्रांताच्या सेनापतीला 'मी सांगतोय ते ऐका' म्हणणं वेगळं. हुआन कार्लोस पन्नासच्या दशकात याच तीन अकादम्यांमधून गेले होते. समोरच्या जनरलांची भाषा त्यांना येत होती, त्यांतले काही तर कॅडेटपणापासून ओळखीचे. लेओनोरला आज तीच वारी का करायला लावतात याचं सगळ्यात दमदार उत्तर ही रात्र आहे. अनुकूल बाजूचा हुकमाचा एक्का म्हणा.

पण एक्क्याच्या पाठीवर एक डाग आहे. त्या कटाच्या मुख्य सूत्रधारांत जनरल आल्फोन्सो आर्मादा होता, आणि आर्मादा कोण, तर युवराज असतानाचा हुआन कार्लोसचा शिक्षक आणि नंतर राजवाड्याचा सचिव. राजाच्या नावावर आपण हे खपवू शकू असं त्याला वाटलं ते याच जवळिकीमुळे. सैन्याशी घरोबा होता म्हणून राजाने बंड मोडलं हे खरं. घरोबा होता म्हणूनच बंडखोरांना राजा आपला वाटला हेही खरं. मला तरी या दोन्हींची वजाबाकी करून उत्तर काढता आलेलं नाही.

ब्रिटन: युद्धावर गेलेले

इथे सगळे प्रकार एकाच घरात सापडतात. एलिझाबेथ राणी १९४५ मध्ये, अठराव्या वर्षी, महिला सहायक दलात गाड्या चालवायला आणि दुरुस्त करायला शिकली. तिचा मुलगा अँड्र्यू १९८२ च्या फॉकलंड युद्धात 'इन्व्हिन्सिबल' जहाजावरून सी किंग हेलिकॉप्टर उडवत होता, तेही गादीच्या रांगेत दुसरा असताना. युद्ध १४ जूनला संपलं, आणि त्याला रांगेत मागे सरकवणारा पुतण्या विल्यम जन्मला २१ जूनला. एक आठवडा! अँड्र्यूचा धाकटा भाऊ एडवर्ड मरीन्सचं प्रशिक्षण अर्धवट टाकून १९८७ मध्ये बाहेर पडला आणि वर्तमानपत्रांनी त्याची सालं काढली. साधा मुलगा सोडून गेला असता तर त्याच्या गल्लीबाहेर कुणाला पत्ता लागला नसता.

खरा अभ्यासाचा विषय हॅरी, विल्यमचा धाकटा भाऊ. २००७ मध्ये त्याला इराकला पाठवायचं ठरलं आणि मे महिन्यात लष्करप्रमुखांनी बेत रद्द केला. कारण सरळ होतं. त्याच्यावर नेम धरला जाईल आणि बाजूचे सैनिक नाहक मरतील. मग वर्षअखेरीला गुपचूप अफगाणिस्तानातल्या हेल्मंडला पाठवलं. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी बातमी दाबून ठेवायचं कबूल केलं होतं, पण परदेशात ती फुटली आणि दहा आठवड्यांत त्याला परत आणावं लागलं. २०१२ मध्ये तो अपाची हेलिकॉप्टरवर पुन्हा अफगाणिस्तानात गेला. त्याच सप्टेंबरात तो होता त्या कॅम्प बास्टियन तळावर तालिबानने हल्ला केला, त्यात दोन अमेरिकन मरीन गेले. हॅरी सुरक्षित राहिला. पुढे २०२३ मध्ये त्याने आत्मचरित्रात आपण पंचवीस जणांना मारल्याचं लिहिलं, आणि निवृत्त अधिकारीच चिडले, की असले आकडे मोजायचे नसतात, बोलायचे तर त्याहून नसतात.

हॅरीच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. प्रश्न त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या शिपायाचा आहे. त्याच्या आईला कुणी विचारलं होतं का?

या घरातलं मला पटलेलं उदाहरण विल्यमचं आहे, आणि त्यावर टाळ्या पडत नाहीत. वारस असल्यामुळे त्याला युद्धावर जाऊ दिलं नाही. तो वेल्समधल्या अँगलसी बेटावर हवाई दलाच्या बचाव हेलिकॉप्टरचा पायलट झाला, २०१० ते २०१३. समुद्रात गटांगळ्या खाणाऱ्या माणसाला दोरीवरून वर ओढताना कॉकपिटमध्ये कोण बसलंय याने काही फरक पडत नाही. शत्रू नसल्यामुळे राजपुत्र असण्याचा धोकाही दुसऱ्यावर पडत नाही.

हे आपण आधी पाहिलेलं आहे

मराठी माणसाला हा वाद परका वाटू नये. १४ जानेवारी १७६१. विश्वासराव, नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा, वय अठरा. मोहीम भाऊसाहेबांची, पण नाव विश्वासरावांचं, कारण घरचा वारस सोबत असला की सरदारांना जोर येतो आणि उत्तरेत वजन पडतं. आज युरोपातले राजवाडे जे म्हणतात तेच. दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, अंबारी रिकामी दिसली, आणि तोवर टिकून लढणाऱ्या फौजेचा धीर सुटला. दोन मोती गळाले ही सांकेतिक ओळ शाळेत आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. त्या दोन मोत्यांतला एक हा.

लष्करप्रमुखांना २००७ मध्ये हॅरीबद्दल जी भीती होती तिची ही अडीचशे वर्षं जुनी आवृत्ती. वारस रणात असला की तो एक सैनिक राहत नाही, निशाण होतो, आणि निशाण पडलं की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. गंमत अशी की ब्रिटिश रिवाजात थोरला जपतात आणि धाकट्याला पाठवतात. आपल्याकडे थोरला गेला आणि मागे राहिलेल्या धाकट्याने, माधवरावांनी, सोळाव्या वर्षी गादीवर बसून मोडलेला डाव सावरला.

दुसरं भारतीय उदाहरण याच्या नेमकं उलटं आहे आणि मला फार आवडतं. जयपूरचे भवानीसिंग १९५१ मध्ये भारतीय सैन्यात अधिकारी झाले. १९७० मध्ये वडील गेल्यावर महाराजा झाले, पण नोकरी सोडली नाही. डिसेंबर १९७१ मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून त्यांनी १० पॅराच्या कमांडोंना घेऊन सिंधमध्ये खोलवर चाच्रोवर छापा घातला आणि महावीरचक्र मिळवलं. त्याच डिसेंबरात सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या गेल्या! पण भवानीसिंग गेले असते तर गेला असता तो लेफ्टनंट कर्नल. फौजेचा धीर सुटावा असं कुठलं सिंहासन त्यांच्यावर टांगलेलं नव्हतं. मुकुटाचं वजन उतरलं की सैनिक होणं किती सोपं जातं ते इथे दिसतं.

जपान आणि नेदरलँड्स, थोडक्यात

जपानमध्ये युद्धापूर्वी राजपुत्रांनी सैन्यात जाणं हा नियमच होता. १९४५ नंतर कुणी जात नाही. आजचे सम्राट नारुहितो ऑक्सफर्डला गेले ते थेम्स नदीवरच्या जुन्या जलवाहतुकीचा अभ्यास करायला. त्यांचा पुतण्या हिसाहितो २०२५ मध्ये त्सुकुबा विद्यापीठात जीवशास्त्र शिकायला लागला, त्याला चतुरांचा नाद आहे, म्हणजे उडणाऱ्या चतुरांचा. लोकांच्या मनातला मान याने कमी झालेला दिसत नाही. 'वर्दीशिवाय राजाला किंमत नाही' असं कुणी म्हणालं तर एवढं एक वाक्य पुरे.

नेदरलँड्सने मधला मार्ग काढला. विल्लेम-अलेक्झांडर २०१३ मध्ये राजा होताना सैन्यातून रीतसर बाहेर पडले. सैन्य मंत्रिमंडळाला उत्तरदायी, राजाने त्यात हुद्दा धरून बसायचं नाही.

तर बाजू?

भाचीला मी प्रतिकूल घे म्हटलंय, पण एका अटीवर. सुरुवातीलाच सांगायचं की जिथे सक्तीची सेवा सगळ्या मुलामुलींना आहे तिथे राजकन्येनेही गेलंच पाहिजे, सूट मागणं लाजिरवाणं होईल. विरोध आहे तो फक्त राजपुत्रासाठी बेतलेल्या सैन्यसेवेला, ठरवून दिलेल्या हुद्द्याला आणि युद्धावर त्याच्याभोवती उभ्या राहणाऱ्या माणसांचा जीव धोक्यात घालण्याला. ज्याला अनुकूलच बोलायचंय त्याने हॅरीला हात न लावता नॉर्वे आणि विल्यमवर पाचही मिनिटं काढावीत, तेवढ्यावर भाषण उभं राहतं.

समोरचा अभ्यास करून आला असेल तर १९८१ ची रात्र काढणारच, तेव्हा आर्मादाचं नाव तोंडपाठ ठेव म्हणून सांगितलं. आणि पानिपत शेवटच्या मिनिटासाठी राखून ठेवायचं, पण आवाज चढवायचा नाही. परीक्षक इतिहासाचे निघाले तर तारीख विचारतील.