स्कोपवाली बोल्ट-अ‍ॅक्शन घेऊन कुठल्या स्पर्धेला जावं? काही महिन्यांचा अनुभव

माझी रायफल (बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला बोल्ट हाताने मागे-पुढे करायची) कारखान्यातून आली तशीच आहे: .308 विंचेस्टर, जड नळी, दहा गोळ्यांचं सुटं मॅगझिन, वर 6 ते 24 पटींचा स्कोप, म्हणजे दुर्बीण. बायपॉडसकट (पुढचा दोन पायांचा टेकू) वजन साधारण सहा किलो. गेले काही महिने हीच घेऊन वेगवेगळ्या स्पर्धांना जातोय. रायफलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, नेम धरू तिथे मारते. खरी खटपट झाली ती तिला मानवेल अशी स्पर्धा शोधण्यात. म्हणून हा अनुभव मुख्यतः त्याचाच.

शोधायला बसलं की आधी आयएसएसएफचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे प्रकार समोर येतात, 50 मीटर थ्री पोझिशन आणि 300 मीटर. तिथे रायफली बोल्ट-अ‍ॅक्शन असतात खऱ्या, पण नेम पीप साइटने (बारीक भोकातून बघून) धरायचा, दुर्बीण चालत नाही. तो रस्ता तिथेच बंद. त्यानंतर मी अंतर बघून स्पर्धा निवडणं सोडून दिलं. नियमपुस्तिकेत आधी वजन, काडतूस आणि मझल ब्रेकची (नळीच्या टोकाचा, धक्का कमी करणारा भाग) कलमं वाचतो, मग वेळ किती ते बघतो. निम्म्या स्पर्धा एवढ्यातच गळतात.

माझ्या रायफलीला खरं घर मिळालं एफ-क्लासमध्ये, म्हणजे झोपून, रायफल टेकवून, स्कोपने लांबवर मारायच्या प्रकारात. कॅनडाच्या जॉर्ज फार्क्युहार्सन यांनी हा प्रकार सुरू केला, तो पट्टा आवळून पीप साइटने मारणं वयामुळे जड जाऊ लागलेल्या नेमबाजांसाठी. आज त्याचे दोन भाग आहेत. 'ओपन'मध्ये 8 मिमीपर्यंत कुठलंही कॅलिबर आणि 10 किलोपर्यंतची रायफल चालते, पुढे रुंद रेस्ट असतो. 'एफ-टीआर'मध्ये फक्त .223 आणि .308, पुढे बायपॉड, मागे वाळूची पिशवी, आणि बायपॉड धरून वजन 8.25 किलोच्या आत. म्हणजे .308 वाल्याने डोळे मिटून एफ-टीआर धरावं. ब्रेक मात्र चालत नाही. नळीच्या टोकाला असेल तर काढून आट्यांवर टोपी बसवायची आणि शून्य (नेम आणि गोळीची जुळणी) पुन्हा तपासायचं, कारण ब्रेक काढला की गोळी थोडी सरकते.

सगळं झोपून मारायचं म्हणून हे सोपं वाटतं. 1000 यार्डांवर दहाचं वर्तुळ जेमतेम एक एमओए (कोनाचं माप), म्हणजे सुमारे 25 सेंटिमीटर, आणि त्याच्या आत निम्म्या मापाचं आणखी एक. ताशी दहा मैलांचा आडवा वारा .308 ची गोळी तिथे दोन मीटरांहून जास्त ढकलतो. त्यामुळे खरी स्पर्धा वाऱ्याशीच. त्यातही पद्धतीने फार फरक पडतो. कुठे सलग वीस गोळ्या मारू देतात; तिथे वारा एका चालीवर असेपर्यंत भराभर उरकता येतं. कुठे दोघं-तिघं पाळीपाळीने मारतात आणि आपली पाळी आली की 45 सेकंदांत गोळी सुटलीच पाहिजे. मधल्या वेळात वारा दाखवणारे झेंडे पार फिरलेले असतात आणि हिशोब पहिल्यापासून मांडावा लागतो. मला दुसरी पद्धत जास्त आवडली. गुण कमी पडतात, पण शिकायला तिथेच मिळतं.

प्रिसिजन रायफल, म्हणजे पीआरएस आणि त्या धर्तीच्या स्पर्धा, हा वेगळाच गोंधळ आहे. गोंधळ म्हणतोय ते कौतुकानेच. अडथळा, ड्रम, टायर, छपराची उतरण, जे समोर येईल त्यावर रायफल टेकवायची आणि दीड-पावणेदोन मिनिटांत आठ-दहा गोळ्या लोखंडी पाट्यांवर. ब्रेक इथे चालतो, नव्हे हवाच. गोळी कुठे लागली ते स्वतःच्या स्कोपमधून दिसायला हवं ना! .308 चालते, पण धक्का जास्त, म्हणून तो फटका बऱ्याचदा दिसतच नाही. शेजारी कमी धक्क्याच्या 6 मिमी कॅलिबरवाले निवांत दुरुस्ती करत असतात. सुटं मॅगझिन नसेल तर इथे जाऊच नये.

मेटॅलिक सिल्हुएट (जनावरांच्या आकाराच्या लोखंडी पाट्या पाडायची स्पर्धा) माझ्या रायफलीला बंद, कारण स्कोपसकट मर्यादा साधारण 4.6 किलो. ती मी छोट्या काडतुसाच्या .22 रायफलीवर खेळलो. उभं राहून, कशाचाही आधार न घेता, 40 मीटरवर कोंबडी, 60 वर डुक्कर, 77 वर टर्की, 100 वर मेंढा. पाटी पडली तरच गुण. मोठ्या रायफलीत हीच जनावरं 200 ते 500 मीटरवर असतात. अहंकार उतरवायला याहून स्वस्त औषध नाही.

बेंचरेस्टला (रायफल टेबलावर टेकवून मारायचा प्रकार) एकदा डोकावलो. तिथली यंत्रं निव्वळ लागलेल्या गोळ्यांच्या गटाचा आकार लहान करण्यासाठी घडवलेली असतात. कारखान्याच्या रायफलींसाठी वेगळा वर्ग नसेल तर बघायला जावं, खेळायला नको.

नवख्याने मात्र .22 च्या एनआरएल22 सारख्या स्पर्धांपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. दर महिन्याला आखणी आधीच जाहीर होते, अंतर 100 यार्डांच्या आत आणि काडतूस स्वस्त. फक्त स्कोपचं पॅरॅलॅक्स (अंतरानुसार चित्र साफ करायची सोय) किती जवळ येतं ते बघा. माझा 50 यार्डांखाली साफ होत नाही, आणि जवळची बारीक लक्ष्यं धुरकट दिसतात.

स्कोपचंच बोलायचं तर एफ-क्लासला माझे 24 पट कमी पडतात असं बरेच जण सांगतात. मला तसं वाटलं नाही. उन्हाची झळ उठली की 40 पटवालेही खालीच येतात. पीआरएसमध्ये तर मी 12 ते 15 च्या वर गेलोच नाही, नाहीतर पुढची पाटी सापडेपर्यंत वेळ संपतो. तिथे जाळीच्या (स्कोपमधल्या नेमरेषांच्या) खुणा कुठल्याही पटीवर खऱ्या उतरायला हव्यात, म्हणून फर्स्ट फोकल प्लेन, ज्यात खुणा चित्रासोबतच लहान-मोठ्या होतात. एफ-क्लासला सेकंड फोकल प्लेनही चालतो.

बऱ्याच स्पर्धांची नोंदणी प्रॅक्टिस्कोअर या संकेतस्थळावर होते, पण तिथलं पान वाचून सगळं कळत नाही. आयोजकाला आधी एवढंच विचारा: ब्रेक चालतो का, चाचणीच्या गोळ्या मिळतात का, आणि लक्ष्यांची अंतरं आधी सांगणार की स्वतः मोजायची. एनआरएल हंटरसारख्या स्पर्धेत लक्ष्य शोधायचं, मोजायचं आणि मारायचं हे सगळं चार मिनिटांत असतं. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) नसलेला माणूस तिथे नुसता उभा राहतो.