सदाशिव पेठेतला लेखनवर्ग : स्वाहिली, गिकुयू आणि आपला ङ

नागनाथ पाराजवळच्या एका जुन्या वाड्यात, पहिल्या मजल्यावर, गेल्या पावसाळ्यात सहा रविवार भरलेल्या लेखनवर्गाविषयी हे लिहीत आहे. वर्ग सोळा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींसाठी होता. मी भाच्याला सोडायला गेले आणि बाईंच्या परवानगीने शेवटच्या रविवारपर्यंत मागे बसून राहिले. मासिकाच्या कचेरीत मुद्रितशोधन करण्यात माझी वीस वर्षे गेली असल्यामुळे लेखन शिकवण्याच्या जाहिरातींवर माझा सहसा विश्वास बसत नाही. बाईंच्या खोलीत चौदांपेक्षा जास्त जण मावत नाहीत, म्हणून त्यांनी नाव-पत्ता छापू नये असे सांगितले आहे, आणि तो शब्द मी पाळते.

विषय मातृभाषेतून लेखन हा होता, परंतु वाचनासाठी बाईंनी एकही मराठी लेखक घेतला नव्हता. सगळे आफ्रिकी भाषांत लिहिणारे होते. आपल्या थोरांची नावे निघाली की मुले एक तर भारावून जातात किंवा कंटाळतात, आणि दोन्ही वेळा लिहिण्याचा प्रश्न बाजूला पडतो, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या रविवारी मला ते पटले नव्हते. तिसऱ्या रविवारी पटले.

त्या दिवशी टांझानियाहून पुण्यात शिकायला आलेला आणि स्वाहिलीत कथा लिहिणारा एक विद्यार्थी आला होता. गोष्ट वाचण्याआधी तो मोठ्याने ‘पाउक्वा’ म्हणाला आणि थांबला. कोणालाच काही उमगेना. ऐकणाऱ्यांनी ‘पाकावा’ असे उत्तर दिल्याखेरीज सांगणारा पुढे जात नाही, हे त्याने समजावून सांगितले, आणि दुसऱ्या वेळी सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिले. बाईंनी लगेच विचारले, की ‘आटपाट नगर होते’ म्हटल्यावर आपला ऐकणारा काय म्हणतो? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग माझ्या भाच्याला त्याची आजी आठवली; हुंकार थांबला की तीही गोष्ट थांबवीत असे. लिहिताना हा हुंकार कुठून येणार, यावर पुढचा तासभर मुले जे बोलली, ते मी अनेक परिसंवादांत ऐकलेले नाही.

मग त्याच्या वहीतल्या एकाच शब्दावर अर्धा तास गेला. गाय या अर्थाचा ‘ङोम्बे’ हा शब्द रोमन लिपीत लिहिताना एन आणि जी या अक्षरांपुढे वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखी खूण द्यावी लागते. ती गळली की वाचणाऱ्याच्या तोंडी मध्येच ‘ग’ येतो. मोबाइलवर ही खूण लोक सर्रास गाळतात, हे सांगताना तो खरोखर दुखावलेला दिसत होता. बाईंनी फळ्यावर ‘ङ’ काढला. घ नंतर घोकायचा आणि पुढे आयुष्यभर जवळजवळ वापरायचाच नाही, असा हा आपला वर्ण त्याच्या गायीला नेमका बसला. त्याने तो वहीच्या समासात चार वेळा गिरवला. पुढे त्याच्या गोष्टीत ‘पेसा’, ‘गारी’ आणि ‘बीमा’ आले, तेव्हा भाषांतराची गरजच पडली नाही; हे शब्द हिंदी महासागर ओलांडून केव्हाच तिकडे पोहोचले आहेत.

पाचवा रविवार गिकुयू भाषेचा होता. केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांनी आधीच्या कादंबऱ्या इंग्रजीत लिहिल्या. १९७७ साली त्यांची राज्यकर्त्यांवर बोचरी टीका करणारी इंग्रजी कादंबरी निघाली, आणि तिच्यावर बंदी आली नाही. त्याच वर्षी कामिरिथू येथील शेतकरी-कामगारांना घेऊन गिकुयूत केलेले नाटक मात्र सरकारने बंद पाडले, आणि डिसेंबरात न्गुगींना खटल्याविना तुरुंगात टाकले. तिथे त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. ती १९८० साली प्रसिद्ध झाली. एवढे सांगून बाईंनी वाण्याकडचा पुड्या बांधायचा खाकी कागद वाटला आणि खाडाखोड न करता तासभर लिहायला लावले. कोणासाठी लिहीत आहात ते एका ओळीत आधी लिहा, एवढीच अट होती. त्या ओळीशी मुले सर्वांत जास्त झगडली.

मला स्वतःला अधिक भिडले ते लेसोथोचे थॉमस मोफोलो. मोरिजा येथील मिशनच्या ग्रंथभांडारात मुद्रिते तपासणाऱ्या या माणसाची सेसोथो भाषेतली पहिली कादंबरी १९०७ साली पुस्तकरूपाने आली, आणि झुलू राजा चाका याच्यावरील कादंबरी मात्र मिशनऱ्यांच्या आक्षेपांमुळे अनेक वर्षे पडून राहून १९२५ साली छापली गेली. माझ्याच व्यवसायातला माणूस म्हणून मी त्यांच्यासाठी दोन पाने जास्त मागून घेतली.

आता उणिवा. गिकुयूत ‘इ’ आणि ‘उ’ या अक्षरांवर नागमोडी चिन्ह आले की स्वर बदलतो. वाटलेल्या टिपणांत ही चिन्हे सरसकट उडाली होती. भाषेच्या सन्मानाचा वर्ग आणि त्याच भाषेचे शुद्धलेखन चुकलेले, हे मला फार लागले. शिवाय गिकुयूतला मूळ उतारा कोणी वाचून दाखवला नाही. सगळे इंग्रजी अनुवादावर भागवले.

शेवटचा रविवार तर वाया गेला म्हणावा लागेल. एका प्रकाशन संस्थेच्या पाहुण्यांनी मुलांना स्वखर्चाने पुस्तक काढण्याच्या योजना समजावल्या आणि विक्रीविषयी अवाक्षर काढले नाही. चौथ्या रविवारी बाईंनीच नायजेरियातील कानो शहरातल्या, हौसा भाषेत लिहून स्वतः पुस्तके छापणाऱ्या आणि बाजारात विकणाऱ्या स्त्रियांविषयी सांगितले होते. त्यांपैकी बलराबा रमत याकुबू यांच्या एका कादंबरीचा इंग्रजी अनुवाद २०१२ साली चक्क चेन्नईच्या प्रकाशकाने काढला आहे. स्वाहिलीतल्या नव्या लेखनासाठी २०१४ साली सुरू झालेल्या पुरस्काराला छपराचे पत्रे बनवणाऱ्या कंपनीने पैसा दिला, हेही त्यांनी सांगितले होते. (भोसरी-चाकणच्या कारखानदारांपर्यंत ही माहिती पोहोचावी, असे मला मनापासून वाटते.) पैशाचा प्रश्न इतका नीट मांडून झाल्यावर ते पाहुणे बोलवायलाच नको होते.

सहा रविवारांचे शुल्क १८०० रुपये असून त्यात टिपणे आणि चहा धरलेला आहे. वेळ सकाळी दहा ते एक. गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून शनिपारापर्यंत बसने येऊन चालत जाणे बरे. पुढचा वर्ग दिवाळीनंतर असून त्यात हौसाला दोन रविवार देण्याचे घाटते आहे. त्याची टिपणे छपाईला जाण्यापूर्वी मी तपासून देईन, असे बाईंना कळवले आहे.