ताई ची आणि ह्यांचा पार्किन्सन्स: सात-आठ महिन्यांनंतर

ह्यांना कंपाचा त्रास तसा कमीच. खरी पंचाईत वळताना व्हायची. स्वयंपाकघराच्या दारात पाय जमिनीला खिळायचे आणि वरचं अंग मात्र पुढे झुकायचं. फिजिओथेरपिस्टने ताई ची, म्हणजे सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम, सुचवलं तेव्हा मनात म्हटलं, आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास! हालचाली मंदावलेल्या माणसाला आणखी सावकाश हलायला शिकवायचं?

वर्गात गेल्यावर उलगडा झाला. सगळी मेख वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेण्यात आहे. एरवी ते आपसूक होतं, ह्या आजारात होत नाही. इथे ते लक्ष देऊन करावं लागतं. 'ढगांसारखे हात' हा प्रकार करताना कंबर, खांदे, नजर सगळं एकत्र वळतं. आता घरातही हे जागच्या जागी गर्रकन फिरत नाहीत, लहान लहान पावलं टाकत वळतात. दारातलं अडकणं कमी झालंय, थांबलेलं नाही.

कंप होता तसाच आहे, अक्षर बारीकच येतं, गोळ्याही तेवढ्याच. तशी आशा कुणी दाखवली तर सरळ उठून या.

अमेरिकेत ओरेगनमध्ये 195 पार्किन्सन्स रुग्णांवर झालेला अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, तासभर, 24 आठवडे. तोल सावरण्यात ताई ची हे स्ट्रेचिंग आणि वजनाचे व्यायाम या दोन्हींपेक्षा सरस ठरलं. पडण्याचं प्रमाण मात्र स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षाच कमी होतं, वजनाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा नाही. म्हणून ह्यांची पायांच्या ताकदीसाठीची खुर्चीवरची उठबस आम्ही बंद केलेली नाही.

'माकडाला मागे हटवणे' या प्रकाराला आमचा नातू खदखदून हसतो, पण त्यात मागे पावलं टाकायची असतात आणि तेव्हा पार्किन्सन्सच्या माणसाचा तोल सहज जाऊ शकतो. ह्यांनी तो ओट्याला हात टेकूनच करायचा आणि मी मागे उभं राहायचं, असं ठरलंय. वेळही गोळीचा अंमल चढल्यानंतरची. गोळी उतरत असताना केलं की चिडचिड तेवढी होते, हाती काही लागत नाही.

व्हिडिओ बघून शिकणं मला पटलं नाही. मान स्क्रीनकडे, डावं-उजवं उलटं, आणि तोल गेला तर धरायला कुणी नाही. दिवाळीच्या गडबडीत वर्ग बुडाले तेव्हा पाय पुन्हा अडखळायला लागले होते, त्यामुळे फी भरण्याआधी सुट्ट्यांचं विचारून घ्या. आणि एकेकाला हाताने सावरतील एवढी शिकवणारी माणसं वर्गात आहेत का, तेही.