मालवणचं सागरी अभयारण्य: पोरांना घेऊन जाताना आधी पंचांग उघडा

मालवणच्या सागरी अभयारण्याला फाटक नाही, तिकीटखिडकी नाही, कुंपण तर नाहीच. १९८७ साली जाहीर झालेलं हे २९.१२ चौरस किलोमीटरचं पाणी. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि शेजारच्या छोट्या पद्मगड किल्ल्याच्या आसपासचा. आपण अभयारण्यात शिरलो हे बहुतेक कुटुंबांना कळतच नाही. ती 'मालवण ट्रिप' करून जातात, किल्ला, स्नॉर्केलिंग, डॉल्फिन अशा क्रमाने. हा क्रम हॉटेलवाला किंवा गाडीवाला ठरवतो, आणि तो घड्याळ बघून ठरवतो. इथली अर्धी नाराजी तिथूनच सुरू होते, कारण या जागेचा दिवस घड्याळाचा नाही, भरती-सुकतीचा आहे.

म्हणून आधी पाण्याचा हिशेब. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊण सहा. हे उत्तर मुंबईच्या बाजूला जुळतं. मालवणला भरती साधारण तासभर आधी लागते, म्हणून पाच धरा. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोजची वेळ पाऊण ते एक तास पुढे सरकते. मोबाइलवरच्या तक्त्यात मिनिटापर्यंत आकडे मिळतात, फक्त तो तक्ता मालवणचा किंवा वेंगुर्ल्याचा असावा. मुंबईचा तक्ता घेऊन आलेल्यांची ओहोटी ते पोचायच्या आत वळलेली असते.

वेळेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे उधाण की भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, तेव्हा पाणी जेमतेम हलतं. उधाणात ओहोटीला खडक लांबवर उघडे पडतात आणि डबक्यांतलं सगळं दिसतं, पण तेच उधाण तळाची वाळू ढवळतं आणि स्नॉर्केलिंगचं पाणी गढूळ करतं. भांगाला उलट: पाणी निवळ, खडक मात्र अर्धे बुडालेलेच. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी उत्तम मिळत नाहीत. आठ-नऊ वर्षांच्या आतली पोरं असतील तर उधाणाचा दिवस निवडा, दहावी-बारावीतली असतील तर भांगाचा. मालवणबद्दल एकच सल्ला द्यायचा झाला तर हाच.

लहान पोरांसाठी खरं अभयारण्य आहे रॉक गार्डनच्या खाली. वर नगरपालिकेच्या थाटाची बाग आहे, झोपाळे, बाकडी, संध्याकाळी गर्दी. बहुतेक लोक तिथेच सूर्यास्ताचा फोटो काढून परततात. खाली उतरलं की काळ्या खडकात गुडघाभर पाण्याची डबकी असतात आणि त्यांत जिवंत प्रवाळ असतं. पाण्याखाली बुडी न मारता प्रवाळ बघता येईल अशा जागा आपल्या किनाऱ्यावर मोजक्याच. त्रयोदशीपासून पौर्णिमा किंवा अमावास्येपर्यंत इथली ओहोटी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान येते. तक्त्यात दिलेल्या वेळेच्या तासभर आधी खाली उतरा आणि पाणी वळलं की निघा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, तेव्हा मीटरचा आकडाही बघून घ्या. जितका कमी, तितकं चांगलं.

डबक्यात काय बघायचं, तर पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. नुसता तपकिरी खडक. मग एखादा शंख चालायला लागतो, कारण आत खेकडा असतो. कडेला शर्टाच्या बटणांसारखे हिरवट-तपकिरी गोल दाटीवाटीने बसलेले असतात. त्यांच्यावर सावली पडली की काही मिटतात. हे प्रवाळाचे नातेवाईक. त्यांना बोट लावू देऊ नका, काही जातींच्या अंगातला चिकट द्रव विषारी असतो. पाण्यावर ऊन चमकून तळ दिसत नसेल तर घरून आणलेला पारदर्शक प्लास्टिकचा सपाट तळाचा डबा पाण्यावर अलगद टेकवा आणि त्यातून बघा. काचेतून बघावं तसा तळ स्वच्छ दिसतो. तीस-चाळीस रुपयांचा हा डबा भाड्याच्या मास्कपेक्षा जास्त करमणूक करतो.

इथे जे बिघडतं ते पायांमुळे. चपला घालून उतरलेल्यांपैकी निम्मे घसरतात. हिरवं शेवाळ दिसतं तरी, पण काळं शेवाळ खडकाच्याच रंगाचं असतं आणि घसरण त्याच्यावरच जास्त. रबरी तळव्याचे, मागून बंद असलेले बूट हवेत. शाळेचे जुने कॅनव्हास बूट उत्तम. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हात टेकवला की कापतं. जखम गोड्या पाण्याने भरपूर धुवायची आणि आत कवचाचा कण राहिला नाही ना ते बघायचं, नाहीतर चिघळते. समुद्राकडच्या कडेला मुलांना सोडू नका. लाट दहा वेळा खडकाच्या खाली फुटते आणि अकराव्या वेळी वर येते.

आणि प्रवाळाचा तुटका तुकडा आठवण म्हणून खिशात घालायचा नाही. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कागदावर त्याला वाघाइतकंच संरक्षण. तशी पाटी तिथे ठळक दिसायला हवी.

आता स्नॉर्केलिंग, ज्यासाठी बहुतेक लोक येतात. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर होडी नांगरतात, लाइफ जॅकेट आणि मास्क देतात, एक पोरगा पाण्यात सोबत असतो, आणि दहा-पंधरा मिनिटं तुम्ही दोराला किंवा रिंगला धरून खाली बघता. जाहिरातींतले लाल-निळे प्रवाळ इथले नव्हेत. इथलं प्रवाळ तपकिरी, राखाडी, कधी पिवळट. चांगल्या दिवशी चार-पाच मीटर दिसतं, वाईट दिवशी स्वतःचा हात. डिसेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरा काळ. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर नद्यांचा गाळ अजून बसलेला नसतो. २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंदच असतात.

वेळ सकाळची, आठच्या आत होडीत. तोवर मतलई वारा असतो, जमिनीकडून येणारा, आणि पाणी तेलासारखं पडून असतं. अकरानंतर खारा वारा उठला की होडी डुलायला लागते, पोरं ओकतात आणि पाण्यात बघण्यासारखंही काही उरत नाही. 'दुपारी दोनची बॅच रिकामी आहे' असं कोणी सांगितलं तर ती का रिकामी आहे हे समजून घ्या.

मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर दाबा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर पाण्यातही गळणार. लहान मुलांना मोठ्यांचाच मास्क पट्टा आवळून देतात, तो कधीच बसत नाही. मुलांच्या मापाचा आहे का हे पैसे देण्याआधी विचारा. रबराखाली केसांची एक बट आली तरी पाणी शिरतं, मिशीवाल्यांचं तर ठरलेलंच. काच धुरकट होते त्यावर उपाय जगभर एकच: आतून थुंकी चोळायची आणि समुद्राच्या पाण्यात एकदा विसळायची. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आधी मागावा, मास्कच्या आत चष्मा बसत नाही. लाइफ जॅकेट घातल्यावर मुलाला दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे किंवा मांडीखालचा पट्टा बांधलेला नाही. हा पट्टा बऱ्याच जॅकेटांना नसतोच, तेव्हा तो असलेलं मागून घ्या. स्कूबा दहा वर्षांखाली नकोच, आणि सर्दी असेल तर मोठ्यांनीही नको, कानाचा दाब सुटत नाही.

सेवेतली सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे पाव. मासे जमावेत म्हणून पाण्यात पावाचे तुकडे टाकले जातात, मग काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा अंगावर येतो आणि व्हिडिओ छान होतो. व्हिडिओचे पैसे वेगळे. माशांसाठी ते खाणं वाईट, आणि एकाच जातीची झुंड बाकीच्यांना हुसकावून लावते. होडीत बसतानाच 'पाव नको' म्हणा. बहुतेक नावाडी आनंदाने ऐकतात, त्यांचा पाव वाचतो. पाय टेकायला म्हणून प्रवाळावर उभं राहणं हे दुसरं. उभं राहावंसं वाटलं तर पाठीवर तरंगा.

किल्ल्याची होडी जेटीवरून सुटते आणि साधारण तासाभरात परत न्यायला येते. तट सुमारे तीन किलोमीटरचा, आवार ४८ एकरांचं. तासात जेवढं होईल तेवढंच. शिवराजेश्वराचं मंदिर, दूध बाव, दही बाव, साखर बाव या चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या बेटावरच्या गोड्या विहिरी, आणि तटाच्या आतून उतरून जायची 'राणीची वेळा' ही छोटी पुळण, एवढं पुरे. बसतानाच परतीची होडी कुठली ते नक्की करा. नाताळच्या सुटीत जेटीवर रांग लागते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. तो आठवडा टाळता आला तर टाळा.

कर्ली खाडीची फेरी तारकर्ली किंवा देवबागहून. हिचं गणित सोपं: कांदळवनाच्या चिंचोळ्या फाट्यांत होडी शिरायला भरती हवी. ओहोटीला बाहेरूनच बघावं लागतं, पण मग चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या आणि खेकडे दिसतात. पोरांना तिवराच्या पानाची मागची बाजू जिभेला लावून बघायला सांगा. खारट लागते, कारण तिवर मुळांतून आलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. त्याच्याभोवती चिखलातून वर आलेल्या पेन्सिलींसारख्या काड्या म्हणजे त्याची श्वास घेणारी मुळं. कमानी करून उभा असतो तो कांदळ. नावाड्याला झाडांची नावं येतात, विचारलं तरच सांगतो. डॉल्फिन दिसेलच असं वचन देणाऱ्याकडे जाऊ नका, आणि दिसला तर इंजिन बंद करायला सांगा. पाच होड्या चारी बाजूंनी धावल्या की तो बुडी मारतो आणि फार लांब वर येतो.

म्हणजे दिवसाची मांडणी अशी होते. उधाणाला, समजा चतुर्दशीला, भरती साडेनऊच्या सुमारास: सकाळी आठला खाडी, दुपारी जेवण, तीनला रॉक गार्डन. किल्ला दुसऱ्या दिवसावर ढकला. भांगाला सकाळी साडेसातला स्नॉर्केलिंग, मग किल्ला, आणि संध्याकाळी भरतीला खाडी. सकाळी होडीआधी घावणे आणि चहा, बस. सुरमईची थाळी आणि सोलकढी होडीनंतर. भरल्या पोटी होडीत बसलेल्यांचं काय होतं ते नावाड्याला विचारा, तो हसेल.

कुडाळ स्टेशनवरून मालवण साधारण ३० किलोमीटर, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. कपडे बदलायच्या खोल्या जेमतेम, गोड्या पाण्याची टंचाई, म्हणून गाडीत पाच-पाच लिटरचे दोन कॅन ठेवा. उन्हासाठी क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा जुना टी-शर्ट बरा, पाण्यातही तोच. पाठ आणि पोटऱ्या सर्वांत आधी भाजतात, कारण स्नॉर्केलिंग करताना ऊन तिथेच पडतं.