जुन्या गाडीचे इंजिन माउंटिंग नीट बसत नाही: बाजारचा भाग घासून बसवावा, जुन्यालाच नवे रबर भरावे, की तिसरा मार्ग धरावा?

पद्मिनी, ॲम्बेसेडर, कॉन्टेसा किंवा जुनी जीप सांभाळणाऱ्याला इंजिनाचे माउंटिंग (इंजिन बॉडीवर टेकवणारा रबर-लोखंडाचा आधार), मिस्त्रींच्या तोंडचे ‘फाउंडेशन’, कधी ना कधी बदलावेच लागते. खोक्यावर गाडीचे नाव बरोबर असते, भाग दिसायलाही तसाच असतो. पण इंजिन जॅकवर तोलून धरल्यावर कळते की स्टड (माउंटिंगमधून निघणारा आट्यांचा दांडा) भोकासमोर येत नाही किंवा एक बाजू दुसरीपेक्षा उंच राहते. अशा वेळी चार मार्ग उरतात. बाजारचा भाग थोडाफार बदलून बसवता येतो, जुन्या माउंटिंगच्या लोखंडी पट्ट्यांवर नवे रबर भरून घेता येते, पॉलियुरेथेनचे (रबरासारख्या पण कडक प्लॅस्टिकचे) माउंटिंग करून घेता येते किंवा दुसऱ्या गाडीचे माउंटिंग नवे ब्रॅकेट करून बसवता येते. कोल्हापुरात या निवडीला एक स्थानिक वळण आहे. शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत लोखंडाचे कोणतेही काम दुपारपर्यंत होऊन मिळते, त्यामुळे प्रत्येक अडचण लोखंडातच सोडवण्याकडे आपला कल असतो. माझे मत असे की माउंटिंगची लोखंडातली चूक येथे खरोखर दुरुस्त होते, पण रबरातली चूक कोणत्याही लेथवर दुरुस्त होत नाही. म्हणून आधी चूक कशात आहे हे ठरवावे आणि मगच पैसे खर्च करावेत.

न बसण्याची कारणे एकसारखी नसतात. ॲम्बेसेडरच्या एकाच बॉडीत वेगवेगळ्या काळी १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, डिझेल इंजिन आणि पुढे इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन बसले, त्यामुळे नुसते ‘ॲम्बेसेडरचे माउंटिंग’ मागितल्यास दुकानदाराने दिलेला भाग चुकीचा नसूनही आपल्या इंजिनाचा नसू शकतो. पद्मिनीचे मूळ पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचे असले तरी अनेक गाड्यांत पूर्वीच्या मालकांनी डिझेल इंजिने बसवून घेतली आणि त्यासाठी ब्रॅकेटही बदलले. दुसरे कारण नमुन्याचे आहे. वर्षानुवर्षे इंजिनाचा भार सोसून दबलेले माउंटिंग नमुना म्हणून ठेवून नवा भाग बनवला, तर त्यात ते दबलेपण कायमचे उतरते. तिसरी शक्यता मालकाला आवडत नाही: भाग बरोबर असतो आणि जुन्या धडकेत वाकलेले ब्रॅकेट किंवा चॅसिसच चुकलेले असते. म्हणून नवा भाग परत करण्यापूर्वी व्हर्निअर कॅलिपरने पट्टीची जाडी, दोन भोकांतील अंतर, स्टडची जागा आणि एकूण उंची, ही मापे जुन्या व नव्या दोन्ही भागांवर घ्यावीत आणि उजव्या-डाव्या बाजूंची आपसांत तुलना करावी.

उंचीतील फरक वरवर किरकोळ वाटतो. पुढची दोन माउंटिंगे आणि गिअरबॉक्सखालचे मागचे माउंटिंग यांत समजा ७०० मिलिमीटर अंतर आहे आणि पुढची माउंटिंगे ६ मिलिमीटर उंच आली, तर इंजिन सुमारे अर्ध्या अंशाने मागे कलते. पंखा पुढच्या माउंटिंगांच्या आणखी २५० मिलिमीटर पुढे असेल, तर तो ८ मिलिमीटर वर सरकतो. रेडिएटर बॉडीला आणि पंखा इंजिनाला, अशी रचना असलेल्या गाडीत शराउडशी, म्हणजे पंख्याभोवतीच्या आवरणाशी, असलेली मोकळीक एवढ्यानेच संपू शकते. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (सांध्याचा) कोन बदलतो आणि सायलेन्सरच्या पहिल्या नळीवर ताण येतो. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेल्या गाडीत तर गिअरच्या लिंका एका टोकाला बॉडीशी व दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्सशी जोडलेल्या असल्याने गिअर अडखळू लागतो आणि मिस्त्री भलत्याच जागी दोष शोधत बसतो.

बाजारचा भाग बदलून बसवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि चूक फक्त लोखंडात असेल तर त्यात गैर काही नाही. भोक दोन-तीन मिलिमीटरने सरकलेले असेल तर कानशीने लांबट करावे आणि वर जाड, रुंद वॉशर घालावा. माउंटिंग बुटके असेल तर खाली पूर्ण पृष्ठभागाला टेकणारी, त्याच मापाची लोखंडी पट्टी द्यावी. वॉशरांची चळत रचू नये, कारण ती सैल पडते आणि भार एका कडेवर येतो. जे काही कापायचे ते नव्या भागात कापावे, गाडीच्या मूळ ब्रॅकेटला किंवा चॅसिसला हात लावू नये. माउंटिंगवर, रबर तसेच ठेवून, वेल्डिंग करण्याचा मोहही टाळावा, कारण त्या उष्णतेने रबर आणि लोखंड यांचा जोड आतून सुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. सर्वांत वाईट रीत म्हणजे पहारीने इंजिन ढकलून स्टड भोकात घुसवणे. तसे बसलेले रबर गाडी उभी असतानाही पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. माउंटिंग उंच असेल तर मात्र हा मार्ग जवळजवळ बंद होतो. रबर कापून उंची कमी करता येत नाही.

लोखंड जमले तरी रबर योग्य आहे का, हा प्रश्न राहतोच, आणि बहुतेक निर्णय येथेच फसतात. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. म्हणजे मिनिटाला ७५० फेऱ्यांच्या आयडलिंगला (गाडी उभी असताना इंजिन संथ चालते तेव्हा) सेकंदाला २५ धक्के बसतात. इंजिनाच्या भाराने रबर जितके जास्त दबते तितकी त्याच्या डोलण्याची स्वाभाविक गती कमी असते. ढोबळ हिशेबाने रबर ३ मिलिमीटर दबत असेल तर ही गती सेकंदाला ९ च्या आसपास येते, १ मिलिमीटर दबत असेल तर १६ आणि अर्धाच मिलिमीटर दबत असेल तर २२. धक्क्यांची गती या स्वाभाविक गतीच्या सुमारे १.४ पटीहून जास्त असेल तरच रबर कंप अडवते; दोन्ही गती जवळ आल्या तर ते कंप उलट वाढवते. प्रत्यक्ष धावत्या रबराचा ताठपणा स्थिर भाराखालच्या ताठपणाहून काहीसा अधिक असतो, त्यामुळे खरी स्थिती या आकड्यांहून थोडी वाईटच असते. सपाट बसणाऱ्या माउंटिंगवर ही तपासणी घरी करता येते: भार नसताना रबराची उंची मोजावी, इंजिन टेकवून पुन्हा मोजावी. फरक मिलिमीटरभरही नसेल, तर लोखंड कितीही सुबक बसले तरी आयडलिंगला आरसे थरथरणार आहेत.

जुन्या पट्ट्यांवर नवे रबर भरून घेणे हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण त्यात भोके, स्टड आणि पट्ट्यांचे कोन मूळचेच राहतात आणि प्रश्न फक्त रबराचा उरतो. मात्र काम करणारा नीट हवा. जुने रबर पूर्ण काढून पट्ट्या शॉट ब्लास्टिंगने (बारीक लोखंडी छऱ्यांच्या माऱ्याने) पांढऱ्या पडेपर्यंत साफ कराव्या लागतात, आणि फाउंड्रीच्या या गावात ती सोय अवघड नाही. त्यावर जोड धरणाऱ्या रसायनाचे थर देऊन, साच्यात साधारण १५० अंश सेल्सिअसला दाबाखाली रबर पिकवले जाते. कोणी नुसते तयार रबर कापून डिंकाने चिकटवून देत असेल, तर त्याला दुरुस्ती म्हणू नये. या मार्गाचा मुख्य खर्च साच्याचा असतो. एकाच जोडीसाठी साचा परवडत नाही, पण त्याच गाडीचे चार-पाच मालक एकत्र आले तर हिशेब पार बदलतो, आणि साचा बनवणारे येथे हवे तितके आहेत.

काम देताना दोन गोष्टी लिहून द्याव्यात. जुन्या रबराचा कडकपणा मोजून ‘एवढाच ठेवा’ असे सांगू नये, कारण रबर वयाबरोबर कडक होत जाते. नैसर्गिक रबर आणि ५० ते ५५ शोअर ‘ए’ (रबराचा कडकपणा मोजण्याचे माप; आकडा मोठा तितके रबर कडक) कडकपणा येथून सुरुवात करणे सुरक्षित आहे. उंचीही जुन्या दबलेल्या भागावरून घेऊ नये. मूळ मापे किंवा पंखा आणि रेडिएटर यांची केंद्रे जुळण्याची स्थिती यावरून ती ठरवावी. शक्य असल्यास एक जादा नमुना घेऊन तो व्हाइसमध्ये ताणून फाडावा. फाटलेल्या जागी लोखंडावर रबराचा थर शिल्लक राहिला तर जोड चांगला आहे. लोखंड कोरे चकचकीत निघाले तर सगळी खेप नाकारावी. नैसर्गिक रबराऐवजी तेलाला दाद न देणारे नायट्राइल हे कृत्रिम रबर वापरावे, असे काही जण सुचवतात. कंप अडवण्यात आणि सतत हलत राहूनही न फाटण्यात नैसर्गिक रबर सरस असल्याने मी टॅपेट कव्हरची (इंजिनावरच्या झाकणाची) तेलगळती आधी थांबवेन. गगनबावड्याच्या पावसाला दोष देणारे पुष्कळ भेटतात, पण माउंटिंगचे रबर पाण्याने फारसे बिघडत नाही, ते इंजिन ऑइलने फुगून मऊ पडते.

पॉलियुरेथेनची बाजू थोडक्यात सांगता येते. त्याला तेलाचे भय नाही, ते सहज फाटत नाही आणि लेथवर हव्या त्या मापाचे करून मिळते, म्हणून ‘न बसण्याचा’ प्रश्न त्यात उरतच नाही. परंतु ते साधारण ७० ते ९५ शोअर ‘ए’ इतके कडक असते, त्यामुळे वरचा हिशेब लावला तर आयडलिंगचा कंप थेट बॉडीत जातो. शर्यतीच्या गाडीत ते शोभते. पन्नास वर्षांच्या पत्र्यात आणि वेल्डिंगच्या सांध्यांत तो कंप रोज सोडणे मला पटत नाही. दुसऱ्या गाडीचे माउंटिंग नवे ब्रॅकेट करून बसवणे मात्र इंजिन आधीच बदललेल्या गाडीत रास्त आहे, कारण तेथे मूळ असे काही उरलेलेच नसते. फक्त आता बसवलेल्या इंजिनाशी वजनाने जवळच्या इंजिनाचे माउंटिंग निवडावे आणि जुने ब्रॅकेट जपून ठेवावे. वर्षानुवर्षे कपाटात पडलेला कंपनीचा अस्सल जुना साठा सापडला तर तो मापाला अचूक बसेल, पण न वापरताही रबर म्हातारे होते. नखाने दाबून आणि कडा वाकवून बारीक चिरा पाहाव्यात. चिरा असल्यास त्याच्या पट्ट्या नव्या रबरासाठी उत्तम आहेत.

म्हणून ज्यांची गाडी अधूनमधून शहरात फिरते आणि ज्यांच्या बाजारच्या भागात चूक फक्त भोकाची आहे, त्यांनी कानस आणि रबराची मोजणी यांवर भागवावे. ज्यांना गाडी घेऊन करूळ किंवा फोंडा घाट चढा-उतरायचा आहे, त्यांनी नव्या रबराचाच मार्ग धरावा, आणि मूळ माउंटिंगमध्ये रबर फाटले तरी लोखंडे एकमेकांत अडकून इंजिन धरून ठेवतील अशी रचना असेल, तर ती साच्यात हरवू देऊ नये. हा मुद्दा केवळ सावधगिरीचा नाही. १९७१ साली जनरल मोटर्सला अमेरिकेत सुमारे ६७ लाख गाड्या याच कारणासाठी परत बोलवाव्या लागल्या. माउंटिंग तुटल्यावर इंजिन उचलले जाऊन थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) उघडा अडकण्याचा धोका होता, आणि उपाय म्हणून इंजिन धरून ठेवणारी तार बसवण्यात आली.

कोणताही मार्ग घेतला तरी दोन्ही बाजूंची माउंटिंगे एकत्र बदलावीत आणि मागचे पाहून घ्यावे. सर्व बोल्ट आधी हातानेच लावावेत, इंजिनाचा पूर्ण भार टेकू द्यावा, काही मिनिटे इंजिन चालवून ते आपली जागा घेऊ द्यावे आणि मगच पान्याने आवळावेत. काम करताना सोडलेली इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी परत जोडली आहे ना, हे स्टार्टर मारण्यापूर्वी पाहावे. रबरामुळे इंजिन बॉडीपासून विजेच्या दृष्टीने वेगळे असते, आणि ती पट्टी राहिली तर स्टार्टरचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या तारेतून वाट काढून ती जाळतो.